सीटखालचा कोयता, पर्समधला स्प्रे: परवाना कशाला लागतो आणि अर्ज कुठे करायचा

नाकाबंदीत गाडीची डिकी उघडायला लावली आणि आत कोयता निघाला, तर "साहेब, रात्रीचं जाणं-येणं असतं, स्वसंरक्षणाला ठेवलाय" हे उत्तर बहुतेकांच्या तोंडी तयार असतं. नेमकं तेच महागात पडतं. शस्त्र अधिनियम 1959 मधल्या व्याख्येत हल्ल्यासाठी बनवलेल्या वस्तूंच्या जोडीला बचावासाठी बनवलेल्या किंवा तशा करून घेतलेल्या वस्तूही येतात. फक्त घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू, लाठी, साधी चालायची काठी, आणि निव्वळ खेळण्यातली शस्त्रं, एवढंच त्यातून वगळलंय. ऊसतोडीला निघालेल्या माणसाच्या खांद्यावरचा कोयता म्हणजे अवजार. तोच कोयता शहरात रात्री अकराला दुचाकीच्या सीटखाली सापडला, तर तो तिथे कशाला, याचं पटेल असं कारण द्यावं लागतं, आणि "बचावाला" हे ते कारण नव्हे.

मापाचंही बघून घ्या. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत पाचवा वर्ग आहे तो धारदार शस्त्रांचा. तलवार, गुप्ती, खंजीर, भाला, लढाईची कुऱ्हाड, आणि ज्यांचं पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद आहे असे चाकू त्यात येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाचे चाकू त्यातून सुटतात. माप पात्याचं, मुठीसकट नव्हे. पंचनाम्यात "एकूण लांबी अमुक इंच" एवढंच लिहिलं आणि पातं वेगळं मोजलंच नाही, तर वकील कोर्टात पहिलं बोट तिथेच ठेवतो. पंचनाम्यावर सही करायची वेळ आलीच, तर मूठ किती आणि पातं किती हे वेगवेगळं लिहिलंय का, ते वाचून मगच सही करा. हे माप सगळीकडे एकच असतं असंही नाही. दिल्लीत बटणाच्या चाकूसाठी 1980 पासून वेगळी अधिसूचना आहे आणि तिथली मर्यादा बरीच कमी, पात्याची लांबी 7.62 सेंटिमीटर. ऑनलाइन मागवलेला शोभेचा चाकू खिशात टाकून दिल्लीची गाडी पकडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण महाराष्ट्रात सामान्य माणूस अडकतो तो बहुधा दुसऱ्याच कलमात. महाराष्ट्र पोलिस अधिनियम 1951 च्या कलम 37(1) खाली पोलिस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात. त्यात तलवारी, भाले, सुरे, काठ्या, लाठ्या आणि "शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू" जवळ बाळगायला बंदी असते. इथे 9 इंचांचा हिशेब चालत नाही. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या तोंडावर हे आदेश निघतात, आणि कित्येक जिल्ह्यांत एकाची मुदत संपायच्या आत दुसरा येतो. मोडला तर कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. विशेष कारण नसेल तर चार महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देता येत नाही. तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकणारे वाढदिवसवीर पकडले जातात, तेव्हा शस्त्र कायद्याच्या जोडीला हेच कलम लागलेलं दिसतं. आदेशाची प्रत जिल्ह्याच्या संकेतस्थळावर किंवा पोलिस ठाण्याच्या फलकावर मिळते. शेवटचा परिच्छेद आवर्जून वाचा, कारण सवलत कुणाला ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं: सरकारी कामावरचे लोक, दुखण्यामुळे काठीवाचून चालता न येणारे वगैरे.

आता परवान्याचा अर्ज. चाकूसाठी तो काढायला कुणी फारसं जात नाही, खरे अर्ज येतात ते बंदुकीचे. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा आयुक्तालयाच्या शहरांत परवाना देणारे पोलिस आयुक्त, बाकी जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे. अग्निशस्त्रासाठी वय 21 पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली असेल, तर शिक्षा संपल्यावर पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतला असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबा.

व्यक्तीसाठी अर्जाचा नमुना ए-1, तो एनडाल-एलिस या शस्त्र परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर भरायचा. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे पासपोर्ट फोटो, ओळखीचा, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, डॉक्टरांचं शारीरिक व मानसिक प्रकृतीचं प्रमाणपत्र (नमुना एस-3), शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी (एस-2) आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला (एस-1). पण फाइल हलते ती कारणाच्या रकान्यावर. "जिवाला धोका" एवढे दोन शब्द लिहून काही होत नाही. धमकीची तक्रार केली असेल तर तिची प्रत, रोकड ने-आण करत असाल तर त्याचे कागद जोडा. मग स्थानिक पोलिस ठाण्यातून चौकशी येते, शेजाऱ्यांनाही विचारतात. नियमाप्रमाणे पोलिसांच्या अहवालाला 30 दिवस आणि तो आल्यावर निर्णयाला 60 दिवस, प्रत्यक्षात धीर धरा. नाकारलं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात; ती मागून घ्या आणि 30 दिवसांत अपील करा. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं ठेवता येतात.

पेपर स्प्रेला परवाना लागत नाही, तो औषधाच्या दुकानातही मिळतो, आणि कोयत्यापेक्षा हजार पटींनी शहाणपणाचा. मात्र तो वापरला कधी, हे बघितलं जातं. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2024 मध्ये एका वादाच्या प्रकरणात, जिवाला धोका नसताना मारलेला स्प्रे बचाव ठरत नाही म्हणत गुन्हा रद्द करायला नकार दिला. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण कलम 37 ची अट अशी, की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. पळणाऱ्याचा पाठलाग करून मारलं तर ते यात बसत नाही.

विमानात पेपर स्प्रे केबिनमध्ये चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही चालत नाही. चाकू चेक-इनमध्ये जातो. देशांतर्गत प्रवासात शीख प्रवाशांना पातं 6 इंच आणि एकूण 9 इंचांपर्यंतचं कृपाण सोबत नेता येतं.