नाडी परत आली, पण माणूस परत आला का?

हृदय बंद पडलेल्या माणसाला दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन द्यायचं, ही पद्धत 1960च्या दशकापासून रुळलेली. तिचा आधार मुख्यतः प्राण्यांवरचे प्रयोग होते. माणसांवर मोठी, काटेकोर तपासणी झाली ती ब्रिटनमध्ये, 2014 ते 2017 दरम्यान. वॉरिक विद्यापीठातल्या गॅविन पर्किन्स यांच्या नेतृत्वाखालच्या या चाचणीचं नाव 'पॅरामेडिक 2'. पाच अ‍ॅम्ब्युलन्स सेवा, 8014 रुग्ण.

सिरिंज सगळ्या सारख्याच दिसायच्या. काहींत अ‍ॅड्रेनालिन, काहींत नुसतं सलाइन. आपण काय टोचतोय हे पॅरामेडिकलाही कळत नव्हतं. बेशुद्ध माणूस संमती कशी देणार, यावर तेव्हा बराच वाद झाला. पण जे औषध आपण अर्धशतक देत आलो, ते खरंच उपयोगी पडतं का हे न तपासणं मला जास्त गंभीर वाटतं.

2018 साली निकाल आले. अ‍ॅड्रेनालिन दिलेल्यांपैकी 36.3 टक्के रुग्णांची नाडी दवाखान्यात पोहोचण्याआधीच परत आली. सलाइनवाल्यांत हे प्रमाण 11.7 टक्के. एवढा फरक! पण तीस दिवसांनी जिवंत होते अनुक्रमे 3.2 आणि 2.4 टक्केच. शिवाय दवाखान्यातून जिवंत बाहेर पडलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेले 31 टक्के निघाले. सलाइनच्या गटात 17.8.

असं का व्हावं? अ‍ॅड्रेनालिन हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं. महाधमनीतला दाब वाढतो, हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं आणि ते पुन्हा धडधडू लागतं. मेंदूतल्या अगदी बारीक वाहिन्यांतला प्रवाह मात्र त्यामुळे आणखी कमी होत असावा, असं संशोधकांना वाटतं. हृदय काही मिनिटांचा उपवास सोसतं, मेंदू सोसत नाही.

याच संशोधकांनी मांडलेला हिशेब प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. एक जीव वाचवायला अ‍ॅड्रेनालिन 112 जणांना द्यावं लागतं. जवळच्या कुणीतरी लगेच छाती दाबायला घेतली, तर 15 जणांमागे एक वाचतो. वेळेत विजेचा शॉक मिळाला, तर पाचांमागे एक.

या चाचणीत फोन केल्यापासून औषध टोचेपर्यंत साधारण 21 मिनिटं गेली होती. तेच दहाव्या मिनिटाला दिलं असतं तर मेंदू वाचला असता का, याचं उत्तर या आकड्यांत नाही.