संरक्षण दल प्रमुख

भारताच्या भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही सशस्त्र दलांच्या कामात मेळ घालणारे आणि त्या सर्वांच्या वतीने संरक्षणमंत्र्यांना लष्करी सल्ला देणारे पद. बोलण्यात आणि बातम्यांत ते ‘सीडीएस’, म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, याच नावाने रुळले आहे. २०१९ च्या अखेरीस हे पद निर्माण झाले. जनरल बिपिन रावत हे पहिले आणि जनरल अनिल चौहान हे दुसरे संरक्षण दल प्रमुख. मराठीत काही जण ‘सरसेनाध्यक्ष’ असाही शब्द वापरतात. शब्द भारदस्त आहे, पण फसवा आहे. सरसेनापती म्हटले की फौजेला हुकूम सोडणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि या पदाला नेमका तोच अधिकार दिलेला नाही. संरक्षण दल प्रमुख तिन्ही दलप्रमुखांसह कोणावरही लष्करी हुकमत चालवणार नाही, असे पद निर्माण करतानाच सरकारने स्पष्ट केले. हे पद समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते.

सगळी लष्करी सत्ता एका हाती असावी की नसावी, हा वाद भारतात शंभर वर्षांहून जुना आहे. ब्रिटिश अमदानीत व्हाइसरॉयच्या मंडळात सरसेनापतींखेरीज एक स्वतंत्र लष्करी सभासद असे. पुरवठा, वाहतूक आणि लष्कराच्या खर्चाची बाजू त्याच्याकडे असे. १९०२ मध्ये सरसेनापती म्हणून आलेल्या लॉर्ड किचनेरना ही दुहेरी व्यवस्था सहन झाली नाही. आपल्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याने आपल्या प्रस्तावांवर शेरे मारावेत हे त्यांना मान्य नव्हते. सगळे एका सेनानीच्या हाती गेले तर मुलकी सरकारला दुसरा जाणकार सल्लाच उरणार नाही, असे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचे म्हणणे होते. लंडनने किचनेरची बाजू उचलून धरली आणि ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झन यांनी राजीनामा दिला. पुढे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेचा बोजवारा उडाला आणि एप्रिल १९१६ मध्ये कुत येथे वेढ्यात सापडलेल्या फौजेला शरणागती पत्करावी लागली. चौकशी आयोगाने १९१७ मध्ये जे दोष दाखवले त्यांत हाही होता, की सरसेनापती आणि लष्करी सभासद अशी दोन्ही ओझी एकाच माणसाच्या डोक्यावर दिली गेली होती. वंगभंगाचे कर्झन आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. या एका वादात मात्र त्यांचे म्हणणे काळाने खरे ठरवले, हे मान्य करायला हवे.

स्वातंत्र्यानंतर तिन्ही दलांना स्वतंत्र सरसेनापती मिळाले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३ ने सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे सोपवले, आणि १९५५ च्या कायद्याने ‘सरसेनापती’ ही पदवीही काढून तिन्ही ठिकाणी ‘चीफ ऑफ स्टाफ’ आले. जनरल राजेंद्रसिंहजी जाडेजा हे भूदलाचे शेवटचे सरसेनापती आणि त्याच खुर्चीवरचे पहिले लष्करप्रमुख. एकत्र बसण्यासाठी तिन्ही प्रमुखांची समिती होती. तिचा आराखडा फाळणीच्या काळात माउंटबॅटन यांचे लष्करी सहकारी लॉर्ड इस्मे यांनी आखून दिला होता. जो सेवेने ज्येष्ठ तो तिचा अध्यक्ष. पण तो आपल्या दलाचा प्रमुखही असल्यामुळे त्याचे निम्म्याहून जास्त लक्ष स्वतःच्या घरात, आणि निवृत्ती जवळ आलेली असल्याने अध्यक्षपद कधी कधी काही महिन्यांचेच. निर्णय एकमताने व्हायचे, म्हणजे अवघड निर्णय व्हायचेच नाहीत. प्रत्येक दलाने आपला सवता सुभा सांभाळला.

याची किंमत रणांगणावर मोजावी लागली. १९६२ च्या चीन युद्धात हवाई दलाची लढाऊ विमाने हल्ल्यासाठी वापरलीच गेली नाहीत. १ सप्टेंबर १९६५ चा प्रसंग तर बारकाईने पाहण्याजोगा आहे. जम्मूच्या छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पहाटेपासून पुढे सरकत होते. दुपारी लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधुरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आले आणि यशवंतरावांनी काही मिनिटांत विमाने वापरायला परवानगी दिली. निर्णयाला उशीर लागला नाही. पण संध्याकाळच्या उतरत्या उजेडात पठाणकोटहून उडालेल्या जुनाट व्हँपायर विमानांना खाली आपले कोण आणि शत्रूचे कोण हे सांगणारी घडी बसलेली नव्हती. चार व्हँपायर पडली आणि आपल्याच सैन्यावरही मारा झाला. त्याच युद्धात पाकिस्तानी नौका द्वारकेवर तोफा डागून परतल्या आणि भारतीय नौदलाला उत्तर द्यायला मोकळीक नव्हती. मंत्री खंबीर होता, दोन्ही प्रमुख कर्तबगार होते. नव्हती ती तिन्ही दलांची एकत्र आखणी. १९७१ मध्ये हे चित्र पालटले. मात्र ते सॅम माणेकशा यांचे वजन आणि त्या वेळच्या प्रमुखांमधला समजूतदारपणा यांच्या जोरावर. व्यवस्था जुनीच राहिली.

कारगिलमध्ये तिचे दुखणे पुन्हा उघडे पडले. मे १९९९ च्या पहिल्या आठवड्यांत भूदलाला शिखरांवरच्या घुसखोरांविरुद्ध सशस्त्र हेलिकॉप्टर हवी होती. इतक्या उंचीवर, खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांसमोर हेलिकॉप्टर टिकणार नाहीत, आणि विमाने वापरायची तर आधी राजकीय परवानगी हवी, असे हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस यांचे म्हणणे होते. दोन्ही दलांची पत्रापत्री आणि चर्चा यांत दिवस गेले. २५ मेला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने परवानगी दिली, २६ मेला हवाई हल्ले सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी दोन लढाऊ विमाने गमावली आणि २८ मेला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर चार जणांसह पाडले गेले. हवाई दलाचा इशारा चुकीचा नव्हता आणि भूदलाची गरजही खोटी नव्हती. दोन्ही बाजू ऐकून एक तोडगा मंत्र्यासमोर ठेवणारा तिसरा माणूस मात्र कुठेच नव्हता.

के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीने इस्मे यांची चौकट बावन्न वर्षांत जवळजवळ बदललीच नसल्याचे दाखवून दिले. त्यानंतर लालकृष्ण अडवाणी यांच्या मंत्रिगटाने फेब्रुवारी २००१ मध्ये संरक्षण दल प्रमुख नेमण्याची शिफारस केली. सरकारने इतर शिफारशी उचलल्या आणि ही एक पुढे ढकलली. राजकीय पक्षांचे एकमत नव्हते. शिवाय एका सेनानीकडे फार सत्ता जाईल ही नोकरशाहीतली आणि राजकारण्यांतली धास्ती होतीच. भूदल सर्वांत मोठे, तेव्हा पद कायम त्याच्याकडेच जाईल, ही हवाई दलाची शंकाही जुनीच. परिणाम असा, की ऑक्टोबर २००१ मध्ये तिन्ही दलांचे एकात्मिक संरक्षण मुख्यालय उभे राहिले, पण ज्याच्यासाठी ते होते तो संरक्षण दल प्रमुखच नव्हता. त्याच सुमारास अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची पहिली संयुक्त कमांड सुरू झाली आणि २००३ मध्ये अण्वस्त्रांसाठीची स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांड. नरेश चंद्र कृती दलाने २०१२ मध्ये मधला मार्ग म्हणून कायमस्वरूपी अध्यक्ष सुचवला. लेफ्टनंट जनरल (निवृत्त) द. ब. शेकटकर यांच्या समितीने डिसेंबर २०१६ च्या अहवालात पुन्हा चार ताऱ्यांच्या, म्हणजे दलप्रमुखांच्याच दर्जाच्या, संरक्षण दल प्रमुखाचा आणि तीन संयुक्त कमांडचा आग्रह धरला. अठरा वर्षे हे घोंगडे भिजत राहिले.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लाल किल्ल्यावरून पदाची घोषणा केली, २४ डिसेंबरला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि वर्ष उलटता उलटता जनरल रावत यांची नेमणूक झाली. भूदलाची सूत्रे त्यांच्याकडून पुण्याच्या जनरल मनोज नरवणे यांनी घेतली.

या पदाला एकाच वेळी तीन टोप्या घालाव्या लागतात. एक, संरक्षणमंत्र्यांचा प्रमुख लष्करी सल्लागार. मात्र भूदल, नौदल, हवाई दल यांचे प्रमुख आपापल्या दलाविषयी मंत्र्यांना स्वतंत्र सल्ला देतच राहतात, त्यांची वाट बंद झालेली नाही. दोन, दलप्रमुखांच्या समितीचा कायम अध्यक्ष. आणि तीन, संरक्षण मंत्रालयात नव्याने निघालेल्या लष्करी व्यवहार विभागाचा सचिव. ही तिसरी टोपी दिसायला साधी, पण सर्वांत वजनदार. फाईल मंत्र्यापर्यंत जाण्यापूर्वी कोणाच्या टेबलावरून जाते यावर दिल्लीत खरा अधिकार ठरतो. आजवर दलांची मुख्यालये मंत्रालयाच्या बाहेरून प्रस्ताव पाठवत; आता गणवेशातला माणूस मंत्रालयाच्या आत सचिव म्हणून शेरा लिहितो. तरी विमाने, जहाजे, तोफा यांसारखी मोठी भांडवली खरेदी मुलकी संरक्षण सचिवांच्या विभागाकडेच ठेवली आहे, आणि देशाच्या संरक्षणाची जबाबदारीही नियमांप्रमाणे त्याच विभागाची आहे. कर्झन-किचनेर वादातले शहाणपण या वाटणीत कळत-नकळत उतरले आहे.

पद चार ताऱ्यांचे, वेतन दलप्रमुखांइतकेच, वयाची कमाल मर्यादा ६५ वर्षे. निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद घेता येत नाही, आणि खासगी नोकरी पाच वर्षे पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. अंगावर गणवेश मूळ दलाचाच, पण टोपीवर आणि बटणांवर तिन्ही दलांचे एकत्र चिन्ह.

रावत यांच्या काळात मुंबई, गुवाहाटी आणि पोर्ट ब्लेअर इथे संयुक्त पुरवठा केंद्रे निघाली. मुंबईचे १ एप्रिल २०२१ रोजी सुरू झाले. एकाच शहरात तिन्ही दलांनी शिधा, इंधन, सुटे भाग यांसाठी वेगवेगळ्या चुली मांडायच्या, हा प्रकार कमी करणे हा हेतू. काम वरून किरकोळ वाटते, पण दलांना एकमेकांची सवय लागते ती अशाच ठिकाणी.

खरे घोडे अडले आहे ते थिएटर कमांडपाशी. आज भूदल आणि हवाई दलाच्या प्रत्येकी सात, नौदलाच्या तीन अशा सतरा एकदलीय कमांड आहेत. त्यांची मुख्यालयेही एका गावात नाहीत. चीन सीमेवर किंवा पश्चिम सीमेवर जे काही आहे, मग ते जमिनीवर असो की आकाशात, ते एका सेनापतीच्या हाताखाली आणायचे ही कल्पना. हवाई दलाची अडचण आकड्यांत आहे: लढाऊ विमानांची मंजूर पथके ४२, प्रत्यक्षात तीसच्या आसपास. एवढी विमाने तीन कमांडमध्ये कायमची वाटून टाकली, तर सकाळी लडाखला आणि दुपारी राजस्थानला जाण्याची मोकळीक राहत नाही. जुलै २०२१ मध्ये रावत यांनी हवाई दलाला तोफखान्यासारखे भूदलाला साहाय्य करणारे अंग म्हटले आणि हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी त्याच दिवशी जाहीरपणे असहमती दर्शवली. रावत यांची कळकळ खरी होती. ती उपमा मात्र अस्थानी होती.

८ डिसेंबर २०२१ रोजी सुलूरहून वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजकडे जाताना कुन्नूरजवळ त्यांचे हेलिकॉप्टर कोसळले. पत्नी मधुलिका यांच्यासह त्यांचा अंत झाला. अपघातातून वाचलेले एकमेव अधिकारी ग्रुप कॅप्टन वरुण सिंग यांनीही आठवड्याभरात प्राण सोडले. पद नऊ महिने रिकामे राहिले. तोवर ज्येष्ठतेच्या जुन्या प्रथेप्रमाणे जनरल नरवणे यांनी एप्रिल २०२२ च्या अखेरपर्यंत समितीचे अध्यक्षपद सांभाळले. जून २०२२ मध्ये नियम बदलून ६२ वर्षांखालील सेवेतल्या वा निवृत्त लेफ्टनंट जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांनाही दार उघडले, आणि ३० सप्टेंबरला निवृत्त लेफ्टनंट जनरल अनिल चौहान यांनी चौथा तारा लावून सूत्रे घेतली. निवडीचा परीघ वाढला, हे खरे. पण त्यामुळे कालपर्यंत कनिष्ठ असलेला अधिकारी दलप्रमुखांच्या समितीचा अध्यक्ष होऊ शकतो, आणि निवृत्तीनंतरची आशा दाखवून मर्जीतला माणूस निवडण्याची वाटही खुली राहते. चौहान यांची मुदत पुढे ३० मे २०२६ पर्यंत वाढवण्यात आली.

दरम्यान एक महत्त्वाचा अडथळा दूर झाला, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. भूदल व हवाई दलाचे कायदे १९५० चे, नौदलाचा १९५७ चा. अंदमानच्या संयुक्त तळावर एका भांडणात जवान, नौसैनिक आणि हवाई सैनिक असे तिघे सापडले, तर तळाचा प्रमुख स्वतःच्या दलाबाहेरच्या माणसाला शिक्षा देऊ शकत नसे. दोघांना त्यांच्या मूळ घटकाकडे परत पाठवायचे आणि एकाच घटनेच्या तीन चौकशा चालवायच्या. ज्याला शिस्त लावता येत नाही त्याला हुकूम तरी कसा द्यायचा? २०२३ च्या आंतरदलीय संघटना कायद्याने संयुक्त संघटनेच्या प्रमुखाला हाताखालच्या सर्वांवर हा अधिकार दिला. १० मे २०२४ पासून तो अमलात आहे.

इतर देशांनी हाच प्रश्न आपापल्या परीने सोडवला. ब्रिटनमध्ये हे पद १९५९ पासून आहे आणि भारताचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन त्यावर दुसरे होते. अमेरिकेने १९८६ च्या गोल्डवॉटर-निकल्स कायद्याने संयुक्त प्रमुखांच्या अध्यक्षाला राष्ट्राध्यक्षांचा मुख्य लष्करी सल्लागार केले, पण हुकमाची साखळी त्याच्या बाजूने काढून थेट संरक्षणमंत्र्याकडून रणक्षेत्राच्या सेनापतीकडे नेली. चीनने २०१६ मध्ये सात लष्करी विभागांच्या जागी पाच थिएटर कमांड आणल्या. तिथे लगाम पक्षाच्या हाती आहे. पाकिस्तानने नोव्हेंबर २०२५ मध्ये २७ व्या घटनादुरुस्तीने अगदी उलट टोक गाठले. १९७६ पासूनचे संयुक्त प्रमुख समितीचे अध्यक्षपद रद्द झाले आणि लष्करप्रमुख हाच तिन्ही दलांचा प्रमुख ठरला. फील्ड मार्शल असीम मुनीर यांच्याकडे ते पद गेले, आणि फील्ड मार्शलला आजन्म दर्जा व खटल्यांपासून संरक्षणही मिळाले. ज्या देशात लष्कराने वारंवार सरकारे उलथवली तिथे या बदलाला ‘समन्वय’ म्हणणे कठीण आहे: एका दलाचा प्रमुखच इतर दोघांच्या वर बसला आहे.

भारतात थिएटर कमांड उभ्या राहिल्या तर त्यांच्या सेनापतींनी कोणाला जबाब द्यायचा, हे अजून ठरायचे आहे. संरक्षण दल प्रमुखाला, की दलप्रमुखांच्या समितीमार्फत संरक्षणमंत्र्याला? पहिला पर्याय निवडला तर २०१९ च्या निर्णयातले ‘हुकमत नाही’ हे वाक्य बदलावे लागेल. दुसरा निवडला तर फौजांशिवाय उरलेल्या तीन दलप्रमुखांकडे भरती, प्रशिक्षण आणि साधनसामग्री एवढेच राहील, आणि ते मान्य करायला त्या तिघांनाच राजी करावे लागेल.