छातीतली जळजळ : ऑपरेशनच्या आधी या तपासण्या कशासाठी?

खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे पेशंट एंडोस्कोपीचा रिपोर्ट हातात घेऊन येतात आणि विचारतात, "सर्जननी ऑपरेशन सांगितलंय, मग परत नाकातून नळी कशाला?" प्रश्न रास्त आहे. कामाचा दिवस मोडतो, पैसेही जातात.

फंडोप्लिकेशन नावाच्या या ऑपरेशनात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. त्यामुळे आम्ल वर चढत नाही. पण प्रत्येक जळजळ आम्लाचीच असते असे नाही. अ‍ॅकॅलेशिया नावाच्या आजारात गिळताना अन्ननलिकेच्या तळाची झडप नीट उघडत नाही. अन्न वरच साठते, आंबते, तोंडात येते, छातीत जळजळते. पेशंट वर्षानुवर्षे पित्ताच्या गोळ्या घेत राहतो. त्याची तीच झडप ऑपरेशनने आणखी आवळली, तर पाणी उतरायचीही पंचाईत. म्हणून मॅनोमेट्री न करता या ऑपरेशनला जाऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. या तपासणीत बारीक नळी नाकातून घालतात, थोडे थोडे पाणी साधारण दहा वेळा गिळायला देतात आणि अन्ननलिकेचा दाब मोजतात. नळी जाताना उमासे येतात, डोळ्यांत पाणी येते, पुढे सोसते. सहा तास उपाशी यावे.

एंडोस्कोपीत मोठ्या जखमा (सी किंवा डी ग्रेड) दिसल्या, तर आम्ल वर येण्याचा आजार सिद्ध धरतात. पुष्कळांची एंडोस्कोपी मात्र स्वच्छ येते, आणि खरी गरज त्यांनाच असते ती २४ तासांच्या पीएच तपासणीची. नाकातली तार कमरेच्या छोट्या यंत्राला जोडून तुम्हाला घरी पाठवतो. पीएच म्हणजे आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त. अन्ननलिकेतला पीएच ४ च्या खाली एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त, म्हणजे दिवसभरात साधारण दीड तास राहिला, तर आम्ल खरोखरच वर येते. ४ टक्क्यांच्या आत असेल, तर ऑपरेशनचा पुन्हा विचार करायला हवा.

त्या दिवशी पथ्य पाळू नका! काही जण शहाण्यासारखे दहीभात खाऊन लवकर झोपतात आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. नेहमीची भाकरी, ठेचा, रस्सा, चहा, सगळे चालू द्या. तंबाखूची सवय असेल तर लपवू नका. तिने झडप सैल पडते. जळजळ झाली की यंत्राचे बटण दाबा. जेवणाच्या आणि आडवे होण्याच्या वेळा लिहून ठेवा. आंघोळ दुसऱ्या दिवशी, तार काढल्यावर.

पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या बहुधा सात दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. या गोळ्यांनी ज्याला आराम पडतो, त्याला ऑपरेशनचाही गुण येण्याची शक्यता जास्त. गोळीने काडीचाही फरक पडत नसेल, तर आधी दुसरे कारण शोधावे.

बेरियमचा एक्स-रे सर्जननी लिहिला असेल तर करावा. जठराचा भाग छातीत सरकला आहे का, ते त्यात कळते.

चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखत असेल, तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या, आमच्याकडे नंतर या.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आदल्या दिवशी फोन करावा. ही औषधे मनाने बंद करू नयेत. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत आहे. मराठीतून वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा.