विश्वस्त बदलतात, मग अर्जही बदलतो

ठाण्यात रिक्षावाल्याला ‘विठ्ठल सायन्ना रुग्णालय’ सांगितलं तर तो वळून बघतो. ‘सिव्हिल’ म्हटलं की लगेच मीटर टाकतो. कागदोपत्री नाव मात्र आजही दात्याचंच आहे. जुनी देणगी अशी असायची. एकदा द्यायची, त्यातून वास्तू उभी राहायची, दगडावर नाव यायचं आणि विषय संपायचा. दरवर्षी ‘रिन्युअल होईल ना हो?’, म्हणजे पुढच्या वर्षीही पैसे मिळतील ना, असं कुणी कुणाला विचारत नव्हतं.

आज कळवा-मुंब्र्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या आमच्यासारख्या, ट्रस्टांच्या देणग्यांवर चालणाऱ्या छोट्या संस्था हाच प्रश्न वर्षभर विचारत असतात. तो कुठून आला, हे कळायला मुंबईतल्या कौटुंबिक ट्रस्टांच्या घडणीकडे बघावं लागतं.

सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. दोघा भावांना अपत्य नव्हतं. त्यामुळे नाव घराण्याचं असलं तरी पैसा कुठे जाणार, हे पहिल्यापासून विश्वस्तांच्या टेबलावरच ठरत आलं. दोराबजी ट्रस्टनं १९३६ मध्ये नागपाड्यात समाजकार्य शिकवणारी संस्था काढली, तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय उभं राहिलं. ते १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. खारघरचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र त्याच झाडाची फांदी. देणगीच्या प्रपोजलमध्ये ‘एक्झिट स्ट्रॅटेजी’चा, म्हणजे पैसे थांबल्यावर काम कोण चालवणार याचा, रकाना भरताना हा इतिहास मला हटकून आठवतो. सुरू करून दुसऱ्याच्या हाती सोपवायचं, ही त्या ट्रस्टांची जुनीच रीत. फक्त त्यांच्यामागे हात पुढे करणारं केंद्र सरकार होतं. आमच्या संस्थेच्या कळव्यातल्या अभ्यासिकेसाठी कोण हात पुढे करणार, ते त्या रकान्यात लिहायचं असतं.

मधली कित्येक वर्षं मागणं शब्दावर चालायचं. ओळखीचं पत्र, एखाद्या विश्वस्ताची भेट, चहा, चेक. त्यात वशिला होता, हे खरं. पण ‘आमची थीम बदलली’ असं सांगणारं कुणी नव्हतं. मग घराण्यांची पुढची पिढी आली, देणग्यांचं काम बघणारे पगारी प्रोग्राम ऑफिसर आले, पंचवार्षिक स्ट्रॅटेजी आली. हिशेब चोख झाले आणि माणूस बदलला की दिशा बदलण्याची सोयही झाली.

१ एप्रिल २०१४ पासून सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीची, सक्ती आली: ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे. तेव्हापासून एकाच आडनावाची दोन दारं झाली, घराण्याचा ट्रस्ट आणि कंपनीचं फाउंडेशन. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांशी बोलताना कुठल्या दारात उभे आहोत, हे आधी विचारून घ्यावं लागतं. कंपनीचं दार आसपासच्या भागाला प्राधान्य देतं. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला. ठाण्यात ऑफिस आणि जव्हार-मोखाड्यात काम असलेल्या संस्था एका रात्रीत ‘जिल्ह्याबाहेर’ काम करू लागल्या.

नंतरच्या दोन नियमांनी हात आणखी आखडले. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनं परदेशी देणगी एका संस्थेनं दुसरीला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २०वर आली. २०२३ पासून आयकरात वेगळीच मेख आहे: एका धर्मादाय ट्रस्टनं दुसऱ्याला दिलेल्या रुपयातले ८५ पैसेच करसवलतीसाठी खर्च म्हणून धरले जातात. ट्रस्टनं स्वतः कार्यक्रम चालवला तर पूर्ण रुपया. नव्या अध्यक्षाला ‘आपणच का करू नये?’ असं वाटलं, तर त्याचा सीए त्याला अडवणार नाही.

रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ ला गेले. ११ तारखेला नोएल टाटा ट्रस्टांचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी मेलिंडा फ्रेंच गेट्स या गेट्स फाउंडेशनमधून बाहेर पडल्या आणि २०२५च्या मे महिन्यात बिल गेट्स यांनी ते २०४५ला बंद होईल असं जाहीर केलं. या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. छोट्या ट्रस्टांच्या बातम्या येत नाहीत आणि आमचं पोट त्यांच्यावर. तिथे साधारण क्रम असा असतो: सही झालेले करार चालू राहतात, नव्या अर्जांना ‘रिव्ह्यू चालू आहे’ हे उत्तर मिळतं आणि रिन्युअल लटकतं. सगळ्यात जास्त भीती वाटते ती प्रोग्राम ऑफिसरनं नोकरी सोडल्याची. आपल्या कामाची आठवण त्याच्याच डोक्यात असते, फायलीत नसते.

आमच्या कळव्याच्या अभ्यासिकेला एका ट्रस्टचे सात वर्षं पैसे मिळत होते. विश्वस्त आजी डिसेंबरात स्वतः यायच्या, मुलींच्या वह्या उघडून शुद्धलेखन तपासायच्या. ‘ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्या गं’ हा त्यांचा एकमेव अभिप्राय. त्या थकल्या, नातू आला, ट्रस्टचा विषय शिक्षणाऐवजी हवामान झाला. आम्हाला चार ओळींची ईमेल आली फेब्रुवारीत. पैसे मार्चपर्यंतचे. दोन ताईंचा पगार पुढे वर्गणीतून भागवला. नातवाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, हवामानही महत्त्वाचंच आहे. पण वर्षभर आधी सांगता आलं असतं.

तसं ते सांगितलेलंच होतं, फक्त आम्हाला नाही. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे तसा चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, द्यावी लागते. कायदा १९५०चा आहे. तिथल्या नोंदणीत आमची संस्था ‘एफ’ नंबरची, ठाण्याची. तो ट्रस्ट ‘ई’ नंबरचा, मुंबईचा. म्हणून ईमेल आल्यावर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेले, अर्ज केला आणि शेड्यूल-वनचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीचा, उतारा काढला. नातवाच्या नावाचा चेंज रिपोर्ट ईमेलच्या आठ महिने आधी दाखल झालेला होता.

आता दिवाळीची सुट्टी संपली की वरळीची एक फेरी ठरलेली. डायरीच्या शेवटच्या पानावर आम्हाला पैसे देणाऱ्या ट्रस्टांचे पाच ‘ई’ नंबर लिहून ठेवलेत.