सोडवून दिलेलं गणित आणि तपासून दिलेलं गणित

दूरशिक्षणातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकणारा मदत शोधू लागला की त्याला दोन तऱ्हेचे मदतनीस भेटतात. एक गणित सोडवून देतो, दुसरा आपण सोडवलेलं गणित तपासून देतो. वरवर दोन्ही सारखंच वाटतं, कारण दोन्हीकडे शेवटी बरोबर उत्तर हाती येतं. फरक कळतो तो पुढच्या गणितात.

थ्री-फेजचं एक नेहमीचं गणित घ्या. लाइन व्होल्टेज (दोन लाइन तारांमधलं) ४०० व्होल्ट, स्टारमध्ये (तिन्ही फेजची एकेक टोकं एका बिंदूत) जोडलेला समतोल लोड, प्रत्येक फेजमध्ये ८ ओहम रेझिस्टन्स आणि ६ ओहम इंडक्टिव्ह रिॲक्टन्स. एकूण पॉवर किती? विद्यार्थ्याचं उत्तर येतं ३८.४ किलोवॅट, पुस्तकातलं आहे १२.८.

सोडवून देणारा पाच ओळींत मोकळा होतो. इम्पिडन्स १० ओहम, फेज व्होल्टेज (लोडच्या एका फेजवरचं; स्टारमध्ये लाइन व्होल्टेज भागिले √३) २३१, करंट २३.१ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८ लॅगिंग, पॉवर १२.८ किलोवॅट. सगळं बिनचूक. विद्यार्थी ‘हां, असं होय’ म्हणतो आणि वहीत उतरवून घेतो.

तपासणारा आधी दोन उत्तरांचं गुणोत्तर बघतो. बरोबर तिप्पट! पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे व्होल्टेज √३ पट जास्त धरलंय. पठ्ठ्याने फेजच्या जागी थेट लाइन व्होल्टेज घातलं. त्यापुढे तो एकच प्रश्न विचारतो: ‘हाच लोड डेल्टात, म्हणजे त्रिकोणात, जोडला तर लाइन करंट किती?’ डेल्टात फेज आणि लाइन व्होल्टेज एकच असतं, त्यामुळे तिथे ३८.४ किलोवॅट हे उत्तर खरोखरच बरोबर येतं आणि चूक झाकली जाते. लाइन करंट विचारला की मात्र विद्यार्थी ४० अँपिअर सांगतो, हवा असतो ६९.३, कारण डेल्टात लाइन करंट फेज करंटच्या √३ पट असतो. चूक स्टारच्या सूत्रात नव्हती. लाइन आणि फेज हा भेदच डोक्यात बसलेला नव्हता. सोडवून दिलेल्या पाच ओळींतून हे कधीच कळलं नसतं.

अशा खुणा आणखीही आहेत. उत्तर √२ पटीने चुकलं तर शिखरमूल्य आणि आरएमएस (परिणामी मूल्य) यांची गल्लत शोधावी. ५० हर्ट्झ आणि ३२५ व्होल्ट शिखरमूल्याच्या साइन लहरीचं ५ मिलिसेकंदांनंतरचं व्होल्टेज ३२५ ऐवजी ८.९ आलं, तर कॅल्क्युलेटर रेडियनऐवजी डिग्रीवर आहे. अशी चूक वर्गात शेजारी बसलेल्याच्याही लक्षात येते. घरी एकट्याने शिकताना वहीत डोकावणारं कुणी नसतं, म्हणून दूरशिक्षणात तपासणारा जास्त मोलाचा.

सोडवलेली गणितं टाकाऊ आहेत असं नाही. मेश किंवा नोडल पद्धत (समीकरणं मांडून सर्किटमधले करंट-व्होल्टेज काढण्याची) पहिल्यांदा शिकताना दोन-तीन गणितं आधी नीट सोडवलेलीच बघावीत. कोरा कागद घेऊन झटापट करण्यात अर्थ नाही. पैसे घेऊन आख्खी असाइनमेंट लिहून देणारे मात्र मदतीत मोडत नाहीत. ती सरळ नक्कल आहे.

तपासणारा मिळायला हवा तर विचारण्याची पद्धत बदलावी लागते. नुसता प्रश्नाचा फोटो धाडून ‘प्लीज सॉल्व्ह’ लिहिलं की सोडवून देणारेच धावून येतात. सर्किटची आकृती, गृहीत धरलेल्या करंटच्या दिशा, आपली मांडणी, आपलं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर एवढं एकत्र पाठवावं. पहिला हक्क अभ्यासक्रमाच्या समुपदेशकाचा. त्यांचा वेळ मोजका असतो, म्हणून तयारीनिशी जावं. चॅटबॉटला विचारायचं तर ‘उत्तर देऊ नकोस, पहिली चुकीची ओळ दाखव’ असं बजावावं आणि त्याने दिलेले आकडे स्वतः पडताळावेत. त्यासाठी एलटीस्पाइस हे संगणकावर सर्किट चालवून बघण्याचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं: सर्किट काढा, चालवा, करंट बघा. कुठे चुकलं हे ते सांगणार नाही, पण चुकलंय एवढं नक्की कळेल.