विकास योजनेतील भूवापर विभाग (नैसर्गिक साधनसंपत्तीचे नियंत्रण)

महाराष्ट्रातील महानगरपालिका आणि नगरपरिषदा आपल्या हद्दीतील नदीकाठ, डोंगरउतार, शेतजमीन व पाणथळ जागा राखतात त्या मुख्यतः विकास योजनेच्या नकाशातून. बोलीभाषेत ही योजना म्हणजे ‘डीपी’. तिला आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चा. निवासी विभाग हा ‘पिवळा पट्टा’, शेती व ना-विकास विभाग हा ‘हिरवा पट्टा’. जमीन कोणत्या विभागात पडते हे सातबारा सांगत नाही. त्यासाठी झोन दाखला काढावा लागतो.

विभाग आणि आरक्षण यांत नेहमी गल्लत होते. आरक्षित जमीन, म्हणजे उद्यान वगैरे सार्वजनिक कामासाठी योजनेत राखलेली जमीन, पालिकेने मोबदला देऊन ताब्यात घ्यायची असते. योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत ती घेतली नाही, तर कलम 127 खाली मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. विभागाला अशी मुदत नाही. जमीन मालकाचीच राहते, बंधन फक्त वापरावर. म्हणून तिजोरीत खडखडाट असलेल्या नगरपरिषदेने झाडीच्या टेकडीवर ‘उद्यान’ असे आरक्षण टाकणे म्हणजे तिला जेमतेम बारा वर्षांचे अभय देणे. पुण्यात 1997 साली हद्दीत आलेल्या 23 गावांतील टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टरांचे जैववैविध्य उद्यान (बीडीपी) आरक्षित झाले. 2015 मध्ये शासनाने ते कायम करताना जमिनीच्या 8 टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता वा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केला. हेक्टरामागे 800 चौरस मीटर, हा मोबदला मालकांना तुटपुंजा वाटला आणि वाद चालूच राहिला.

योजनेची सुरुवात कलम 23 खाली ती तयार करण्याचा इरादा जाहीर करण्याने होते. मग विद्यमान भूवापराचा नकाशा, प्रारूप योजना, हरकती-सूचना आणि नियोजन समितीपुढे सुनावणी. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. अंतिम मंजुरी राज्य शासनाची. वादग्रस्त जमिनी शासन पुष्कळदा ‘वगळलेला भाग’ म्हणून मागे ठेवते, आणि त्यांत टेकड्या व नदीकाठ हमखास असतात. इराद्यापासून प्रारूपापर्यंतचा काळ नाजूक: याच काळात गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पडतात, आणि मग ‘इथे वस्ती आहेच’ म्हणून पिवळ्या पट्ट्याची मागणी येते.

पूररेषा जलसंपदा विभाग आखतो, पालिका ती आपल्या नकाशावर उतरवते. निळी रेषा 25 वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. मुंबई व काही क्षेत्रे सोडून राज्यभर लागू असलेल्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नियंत्रित क्षेत्रात जोते (इमारतीचा चौथरा) लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर उंच हवे. ही रेषा नदीपासूनचे अंतर दाखवत नाही, पाण्याची पातळी दाखवते. त्यामुळे भराव टाकून उंची गाठण्याचा मोह होतो. एका प्लॉटचे जोते उंचावते, पण पाण्याची पसरायची जागा तेवढी आटते आणि पूर शेजारच्या आळीत शिरतो. भरावाच्या परवानगीत काटछेद (जमिनीची उंची दाखवणारा उभा छेद) न मागणे ही नेहमीची चूक.

डोंगरउतारासाठी 1:5 ही मर्यादा आहे: 5 मीटर आडव्या अंतरात 1 मीटर किंवा अधिक चढ असेल तर बांधकाम नाही. उतार आधी जेसीबीने कापायचा आणि मग मोजणी मागवायची, ही पळवाट जुनीच. त्यामुळे अर्जासोबतचा समोच्चरेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा खोदाईपूर्वीचा असावा लागतो आणि तो जुन्या उपग्रह चित्राशी पडताळावा लागतो.

हिरवा पट्टा नावाइतका हिरवा नसतो. शेतघराबरोबर मंगल कार्यालय, पेट्रोल पंप असे कितीतरी वापर त्यात अटींवर चालतात. कूपनलिका किती खोल जावी यावर भूवापर विभागाचा काही ताबा नाही. मंजूर विभाग बदलायचा तर कलम 37 खाली फेरबदल होतो. तो एकेका गटापुरता (सातबाऱ्यावरच्या एका क्रमांकाच्या जमिनीपुरता) मागितला जातो, त्यामुळे ओढ्याच्या संपूर्ण पाणलोटाचा विचार कोणत्याच फाइलीत होत नाही.

सर्वाधिक भांडणे रेषेच्या जाडीवरून होतात. डीपीचा नकाशा लहान प्रमाणावर असतो. 1:10,000 प्रमाणात अर्धा मिलिमीटर जाड रेघ जमिनीवर 5 मीटर व्यापते. गटातून रेघ जात असेल तर भूमी अभिलेखाचा मोजणी नकाशा घेऊन त्यावर विभागाची हद्द नगररचना विभागाकडून आखून घ्यावी लागते. नाला गावनकाशावरच नसेल तर तो डीपीतही येत नाही, आणि पुढे पाइपात घालून बुजवला जातो.