म्युकरमायकोसिस : जन्मजात प्रतिकारशक्तीची भूमिका

म्युकरमायकोसिस हा म्युकोरेलीस गणातील बुरशींमुळे होणारा, झपाट्याने पसरणारा संसर्ग आहे. त्यांतील ऱ्हायझोपस सर्वाधिक आढळते. शिळ्या पावावर आणि कुजलेल्या पालापाचोळ्यात वाढणाऱ्या या बुरशीचे बीजाणू श्वासावाटे कोणाच्याही नाकात जातात, तरी रोग क्वचितच होतो. त्याला मुख्यतः जन्मजात प्रतिकारशक्ती, म्हणजे कोणत्याही जंतूवर लगेच तुटून पडणारी शरीराची पहिली संरक्षणफळी, अडवते. एचआयव्हीबाधितांत टी पेशी (विशिष्ट जंतू ओळखून लढणाऱ्या, अर्जित प्रतिकारशक्तीच्या पेशी) घटूनही हा रोग फारसा दिसत नाही. न्यूट्रोफिल (जन्मजात प्रतिकारशक्तीतील पांढऱ्या रक्तपेशी) घटलेल्या रक्तकर्करोगाच्या रुग्णांत मात्र धोका मोठा असतो.

बरेचसे बीजाणू नाकाच्या चिकट स्रावातच अडकतात. फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचलेल्यांना मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) गिळतात, पण सहसा मारत नाहीत. बीजाणूवरील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे पचनाची क्रिया अडते आणि तो नुसता डांबून ठेवला जातो. मॅक्रोफेज दुबळे पडले की तो रुजतो. रुजताना कवचाखालचे बीटा-ग्लुकन (बुरशीच्या पेशीभित्तीतील शर्करा) उघडे पडते, आपल्या पेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राही ते ओळखतो आणि न्यूट्रोफिल धावून येतात. बीजाणू रुजून वाढलेले कवकतंतू गिळण्याजोगे नसतात. न्यूट्रोफिल त्यांना चिकटून ऑक्सिडीकारक रेणू आणि विकरे (एन्झाइम) सोडतात.

मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये (मधुमेहात कीटोन द्रव्ये साठून रक्त आम्लधर्मी होते त्या अवस्थेत) हे सारे एकदम ढासळते. रक्तातील लोह एरवी ट्रान्सफेरिन हे प्रथिन घट्ट धरून ठेवते. रक्ताचा सामू (पीएच; तो घटला की आम्लता वाढते) ७.३ च्या खाली गेला की ही पकड सैल होते आणि ऱ्हायझोपसला हवे असलेले लोह मोकळे होते. कीटोन द्रव्यांमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी७८ प्रथिन वाढते. बुरशीचे कॉटएच प्रथिन नेमके त्यालाच चिकटते आणि तंतू वाहिनीत शिरतात. वाढलेल्या साखरेने न्यूट्रोफिलही मंदावलेले असतात. डेफेरॉक्सामाइन हे लोह काढण्याचे औषध तर उलटेच वागते : त्याने धरलेले लोह ऱ्हायझोपस स्वतःसाठी वापरते.

कोविडमध्ये दिलेल्या स्टेरॉइडांनी भक्षक पेशी (मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल) दबल्या आणि साखरही वाढली. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा रोग अधिसूचित करण्यास सांगितले. महाराष्ट्र आणि गुजरात येथे रुग्ण विशेष जास्त होते.

टाळूवर किंवा नाकात दिसणारा काळा चट्टा मृत ऊतींचा असतो. वाहिन्या गुठळ्यांनी बंद झाल्याने तेथे न्यूट्रोफिल पोचत नाहीत आणि औषधही पोचत नाही. म्हणून लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीनाशक (रोज दर किलो वजनामागे ५ ते १० मिग्रॅ.) सुरू करूनही मृत भाग शस्त्रक्रियेने खरवडून काढावा लागतो. साखर आणि आम्लताही त्याच वेळी ताब्यात आणावी लागते. व्होरिकोनॅझोल हे दुसरे बुरशीनाशक या बुरशीवर चालत नाही.